घोंगडीवरचा देश

सटवाजी गेल्याचं मला बाजारात कळलं, आणि तेही एकोणीस दिवसांनी. राणीसावरगावकडचा एक मेंढपाळ लोकर विकायला बसला होता. त्याच्या पुढ्यात पांढऱ्या लोकरीचा लहानसा ढीग होता. आमच्या भागात मेंढरं बहुतेक काळीच, पांढरी लोकर सहसा दिसत नाही, म्हणून मी सहज म्हणालो, "आमच्या सटवाजी मास्तरनं ही बघितली असती तर सगळी उचलली असती." तो माणूस माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "गुरुजी, सटवाजी वारला की... तापानं गेला. तेरावं बी झालं. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?" नाही सांगितलं. कोण सांगणार आणि कशाला? ज्या शाळेनं त्याला हाकललं, तिथं सुतकाची चिठ्ठी कोण धाडतो? मला आधी रडू आलं नाही, हे कबूल करतो. आधी राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि हा मजकूर वाचणाऱ्यांनी माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

मी शाळेत जाऊन सांगितल्यावर आमच्या हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी शोकसभा ठेवली. गावाचं नाव मी लिहिणार नाही. ते पूर्णेच्या अंगाला, ताडकळसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे एवढं पुरे, गावाचा काय दोष? सभेला अध्यक्ष म्हणून आमच्या शाळा समितीचे अध्यक्षच बसले. हारही त्यांनीच आणला. सटवाजीचा फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून तो हार इतिहासाच्या तासाच्या रिकाम्या खुर्चीला घातला. अध्यक्ष म्हणाले, गुरुजींनी आपल्या आडगावाला जगाचा इतिहास दाखवला, त्यांच्या जाण्यानं शाळेची भरून न येणारी हानी झाली आहे. चार वर्षांपूर्वी हेच गृहस्थ याच खोलीत बसून सटवाजीला घरी पाठवत होते! हानी झाली ती त्या दिवशी झाली, गेल्या महिन्यात नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात दारातून केरबाचा आवाज आला. केरबा म्हणजे अध्यक्षांच्या रानाला लागून ज्याचं तीन एकराचं रान आहे तो. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बोलनं समदं बरं हाय. पर गुरुजीचं ते घोंगडं कुठं हाय?" दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं, ते लगेच उरकून घेतलं.

त्या घोंगडीची गोष्ट सांगितल्याशिवाय सटवाजी सांगता येत नाही. तो मेंढपाळाच्या घरचा. निजामाच्या राज्यात शिकायचं तर उर्दूत, आणि तेही गावापासून लांब. याला मराठीत शिकायची हौस. बापानं घरच्या काळ्या लोकरीची घोंगडी विणून घेऊन खांद्यावर टाकली आणि पोराला सरहद्दीपलीकडं कोल्हापूरला धाडून दिलं. तिथं वसतिगृहात राहून शिकत असताना पोटासाठी त्यानं वळिवड्याच्या छावणीत धान्यकोठाराचं काम धरलं. लढाईच्या काळात पोलंडमधून आलेली बायका-पोरं आणि म्हातारी माणसं त्या छावणीत राहत. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे आपल्या देशात आली होती. त्यांच्यात एक म्हातारा शाळामास्तर होता. त्याचं नाव सटवाजी बरोबर घ्यायचा, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. आमच्या बोलण्यात तो नेहमी "आजोबा"च असायचा. दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. आजोबा छावणीतल्या पोरांना त्यांच्या देशाचा इतिहास शिकवी, पण त्याच्याजवळ नकाशा नव्हता. एकदा सटवाजीची घोंगडी खुंटीला टांगलेली बघून आजोबाच्या बायकोनं सुई काढली. काळ्या घोंगडीवर आधी लाल दोऱ्याची एक गाठ घातली, ते तिचं गाव. मग पांढऱ्या लोकरीनं नदी, मग देशाची सरहद्द. नकाशा तयार झाला. थंडीचे दिवस होते, आणि सटवाजी महिनाभर पांघरुणाशिवाय झोपला. त्याला विचारलं तर म्हणायचा, "शाळा चालू हुती ना, घोंगडं कसं मागणार?"

लढाई संपली तेव्हा छावणीत लोक नाचले, असं तो सांगायचा. मग कळलं, की मोठ्या राष्ट्रांनी बसून नवी रेघ ओढली आहे आणि आजीचं गाव आता रशियात गेलं आहे. जिंकलेल्या बाजूला राहूनही माणसाला घर उरलं नाही. छावणी मोडायला लागली, तेव्हा आजोबा-आजी विलायतेकडं निघाले. निघताना म्हाताऱ्यानं घोंगडीची घडी घालून सटवाजीच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, की शिकवत राहा, म्हणजे कुणीतरी विचारत राहील. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामशाही गेली, गावोगाव मराठी शाळा निघाल्या. सटवाजी ती घोंगडी घेऊन आमच्या शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून आला. मी गणिताचा. आमचं जमलं ते भांडणावरून. त्याच्या तासाला पोरं इतकी हसायची, ओरडायची, की शेजारच्या खोलीत माझे अपूर्णांक कुणाच्या कानापर्यंत पोचायचे नाहीत. तक्रार करायला म्हणून गेलो आणि तास संपेपर्यंत दारातच उभा राहिलो.

त्याची शिकवण्याची तऱ्हा अशी होती. वर्ग शाळेच्या पुढच्या ओट्यावर भरवायचा आणि तिथल्या भिंतीतल्या खिळ्याला घोंगडी टांगायची. हातात दाभण, गळ्यात पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याची गुंडी. बोलता बोलता सरहद्द उसवायची आणि नव्या जागी शिवायची. सुरुवात पोलंडच्या चढत्या दिवसांपासून करायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी पोलंडची फौज मॉस्कोत शिरली आणि तिथल्या राजवाड्यात दोन वर्षं ठाण मांडून बसली, हे सांगताना दोरा पार उजवीकडं न्यायचा. "पोलंड म्हंजे गरीब गाय हुती असं समजू नका. त्याचे दिवस हुते तवा त्यानंबी दुसऱ्याच्या घरात पाय पसरलेत." मग एकेक लढाई, एकेक तह, आणि दोरा डावीकडं सरकत यायचा. पुढं रशिया आणि आणखी दोन शेजारी मिळून तीन वेळा देश वाटून घेतात, तिथं तो एक टोक धरून दोरा ओढत राहायचा. पोरं बघत असायची. सरहद्द जायची, नदी तेवढी उरायची, आणि तिच्या उजवीकडं आजीची लाल गाठ. "सव्वाशे वर्षं नकाशावर पोलंडच न्हाई. मग पोलंडची माणसं कुठं गेली?" मग स्वतःच सांगायचा, "कुठंच गेली न्हाईत. तिथंच हायती. ही गाठ दिसायलीय न्हाई का?" विळे काठ्यांना सरळ बसवून शेतकरी तोफांवर गेले, हरले, सैबेरियात गेले, तीस वर्षांनी त्यांची पोरं पुन्हा उठली, पुन्हा हरली... हे तो इतक्या चिडून सांगायचा की जणू त्याच्या चुलत्यालाच धरून नेलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर देश परत उभा राहिला, रशियाची फौज राजधानीच्या वेशीपर्यंत आली आणि नदीवरून मागं फिरली, त्या दिवशी पोरं बाकांवर उभी राहायची. आणि पुढच्या तासाला तो पुन्हा उसवायला घ्यायचा, कारण वीस वर्षांनी दोन शेजाऱ्यांनी देश पुन्हा मधोमध फाडला होता. मी एकदा शिवायला मदतीला गेलो तर म्हणाला, "गणितवाले, तुमी रेघ आधी वढायलाव. तसं न्हाई. आधी गाव धरायचं, मग नदी, मग सरहद्द. उलटं केलं की माणसं भायेर राहतात."

आमचा बाजार शाळेसमोरच भरतो. बाजाराच्या दिवशी हा तास चालू असला की माळवं विकून मोकळी झालेली माणसं ओट्याच्या कडेला टेकायची. आधी दोन-चार, पुढं पुढं तीस-चाळीस. रशिया आणि पोलंड कुठं आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बांध कशाला म्हणतात हे ठाऊक होतं. दर साली नांगरताना बांधाचा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्याकडं ओढायचा, याला आमच्याकडं बांध कोरणं म्हणतात. दहा-बारा वर्षांत गरिबाच्या दोन पट्ट्या शेजाऱ्याच्या रानात जातात आणि मोजणीवाला आला तर बांध अगदी सरळ दिसतो. सटवाजीनं ही तुलना कधी केली नव्हती. ती त्या माणसांनी केली. "म्हंजे रशियानं बांध कोरला म्हना की," असं कुणीतरी म्हणालं, आणि मग गावात तोच शब्द झाला. आता आमच्या गावात सगळ्यात जास्त बांध कुणी कोरले, हे शेंबडं पोरही सांगेल. शाळेची जागा त्यांनीच दिली, समितीचे अध्यक्षही तेच. लोक पाठीमागं त्यांना "रशिया" म्हणायला लागले. "रशियाची बैलजोडी आली", "आज रशिया परभणीला गेलाय". सटवाजीला हे कळलं तेव्हा तो हसला नाही, चिडला. "आजोबाच्या देशाची तुमी लोकांनी टवाळी केली," म्हणाला. मी म्हणालो, टवाळी नाही रे, तुझा इतिहास पहिल्यांदा कुणाला तरी समजला. तो विचारात पडला, पण तुलना त्यानं स्वतःच्या तोंडानं कधीच केली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मग तो हिवाळा आला. त्याच्या आदल्या वर्षी रशियाचे पुढारी आपल्या देशात येऊन गेले होते, ठिकठिकाणी हार-तुरे झाले होते. या वर्षी मात्र पोलंडमध्ये कामगारांवर गोळ्या चालल्या, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास रशियाचे रणगाडे पोलंडच्या राजधानीकडं निघून वाटेतच थांबले. दोन-दोन दिवसांनी शिळं होऊन येणारं वर्तमानपत्र सटवाजी मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्याच सुमाराला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. "बघा," तो पोरांना म्हणाला, "आपुन अंथरुणातून उठलो बी न्हाई अन् राज्य बदललं. पर आपल्याला कुणी उचलून बर्फात टाकलं न्हाई. येवढा फरक ध्यानात ठेवा." नव्या राज्याचे एक साहेब शाळा तपासायला आले तो नेमका बाजाराचा दिवस. साहेब माणूस वाईट नव्हता, घोंगडीकडं कौतुकानं बघत राहिला. शेजारी आमचे अध्यक्ष खुर्चीवर. साहेबांनी वर्गाला विचारलं, "रशिया आणि पोलंड यांच्यात इतक्या लढाया का झाल्या?" पोरं साहेबाला बघून बावरली. आणि ओट्याच्या कडेवरून केरबा बोलला. "बांध कोरला, साहेब. दर साली येक येक हात. आन् बोलायला जावं तर पंच बी त्योच."

केरबा हे रशियाबद्दल बोलला की स्वतःच्या रानाबद्दल, हे त्यालाही सांगता येणार नाही. त्याचे डोळे भरले होते. ओट्यावरच्या साऱ्या माना एकदम अध्यक्षांकडं वळल्या. साहेबांना काही कळलं नाही, ते हसून "छान, छान" म्हणाले. अध्यक्षही हसले.

आठ दिवसांनी कागद तयार होऊन आला. त्यात बांधाचा एक शब्द नव्हता. सदर शिक्षक पाठ्यपुस्तक सोडून शिकवतात, आपल्या मित्रराष्ट्राविरुद्ध मुलांच्या मनात विष कालवतात, गावकऱ्यांना चिथावणी देतात, असं वळणदार अक्षरात लिहिलेलं. मित्रराष्ट्र! ज्या माणसाला मॉस्को कुठं आहे हे बोटानं दाखवता आलं नसतं, त्याला अचानक रशियाची मैत्री इतकी जिवापाड झाली. खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या. हेडमास्तरांनी केली, ड्रिलमास्तरांनी केली. मी अजून कायम झालो नव्हतो, घरी आई अंथरुणाला खिळलेली... पण ही कारणं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, तुम्हाला कशाला सांगू? मी सही केली. माझी सही तिसरी आहे.

सटवाजीला ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, घोंगडी शाळेत पुन्हा दिसता कामा नये, आणि तो नकाशा आमच्या देखत काढून टाका, म्हणजे वर काही न लिहिता तुम्हाला साधेपणानं मोकळं करू. त्यानं वाद घातला नाही. जमिनीवर बसला, घोंगडी मांडीवर घेतली आणि दोरा ओढायला लागला. आधी सरहद्द, मग नदी. दोरा तो बाभळीच्या एका काडीला गुंडाळत होता, तुटू देत नव्हता. खोलीत आम्ही सहाजण ते बघत होतो. शेवटी लाल गाठ राहिली. हेडमास्तर म्हणाले, "तीही काढा." सटवाजीनं वर बघितलं. "ते आजीचं गाव हाय, सर. तुमच्या कागदात त्याचं नाव न्हाई." घोंगडी खांद्यावर टाकून तो उठला. मी दारापर्यंत मागं गेलो, काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू सही केलीस, त्याचं वाईट वाटून घेऊ नगस. रशियानं आजोबाला उचललं तवा त्याच्या गावात बी समद्यांनी केली हुती." शिव्या दिल्या असत्या तर मी एखाद्या वर्षात विसरलो असतो. आणि साधेपणानं मोकळं करू म्हणणाऱ्यांनी नंतर वर लिहिलं ते लिहिलंच. दुसऱ्या कुठल्याही शाळेनं त्याला उभं केलं नाही. चांगला शिकलेला, तीन भाषांत वाचणारा माणूस बापाची मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायला लागला.

शोकसभा झाल्यावर केरबाचा प्रश्न काही मला सोडेना. रविवारी गंगाखेडवरून सटवाजीच्या गावी, राणीसावरगावला गेलो. चार वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. सटवाजीची बायको गयाबाई दारात शेळीला पाला टाकत होती. मला वाटलं, ही हाकलून देईल. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "भाऊजी, लय दिसांनी आलाव." मग आतून घोंगडी आणली. त्यांच्या घरात रीत अशी, की माणूस ज्या घोंगडीवर गेला ती त्याच्याबरोबरच जाते. भावकीनं मागितली तेव्हा हिनं दुसरी काढून दिली आणि ही धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली म्हणाली. मी घोंगडी उलगडली. सगळी काळी, आणि त्यात ती एक लाल गाठ. मला वाटलं होतं, रानात तरी त्यानं पुन्हा शिवलं असेल. मी विचारलं. "न्हाई. दोरा तसाच जपून ठिवला. मी म्हनायची, शिवा की, लेकरं हायती हितं बी ऐकायला. तर म्हनायचे, माज्या हातानं उसवलंय, आता माज्या हातानं न्हाई." आणि बाभळीच्या काडीला गुंडाळलेला तो पांढरा दोरा तिनं माझ्या हातावर ठेवला. मी म्हणालो, वहिनी, हे मला कशाला देता, थंडीला तुम्हाला लागेल. ती म्हणाली, "पांघरायला दुसरं हाय. हे तुमच्या शाळंचं हाय, भाऊजी."

आमच्या शाळेचं! त्या बाईनं हे सरळ मनानं म्हटलं, आणि मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. येताना सगळी वाट मी मनातल्या मनात भांडत होतो, अध्यक्षांशी, हेडमास्तरांशी, आणि त्या तिसऱ्या सहीशी. यंदा मे महिन्यात राज्य पुन्हा नवं झालं. सटवाजीनं ते पाहिलं. गयाबाईनं सांगितलं, की त्या दिवशी तो बांधावर बसून म्हणाला होता, घर न सोडता हे चौथं राज्य. नव्या राज्याच्या नव्या पुस्तकात पोलंडला अर्धं पान आहे आणि त्यात एकही लढाई नाही. इतिहासाचा तास आता हेडमास्तर घेतात. पोरं तो उतरवून घेतात आणि झोपतात.

हे लिहिताना घोंगडी माझ्या पुढ्यात आहे. गणिताच्या माणसाला दाभणात दोरा ओवायला किती वेळ लागतो, हे सांगायला लाज वाटते. सरहद्द कुठून कुठं जात होती ते मला आठवेना, शंभर वेळा पाहूनही. मग त्याचं बोलणं आठवलं... आधी गाव. लाल गाठीवर बोट ठेवलं, तिथून डावीकडं मोजत गेलो आणि नदी सापडली. काल रात्रीपर्यंत नदी झाली. सरहद्द वेडीवाकडी येते आहे, दोनदा उसवली. सटवाजीनं बघितली असती तर हसला असता. समितीला पुन्हा कागद करायचा असेल तर त्यांनी जरूर करावा. या वेळी खाली एक सही कमी पडेल, आणि वर ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचं नाव माझं असेल. सोमवारी बाजार आहे. केरबाला निरोप दिला आहे. ओट्यावरचा खिळा मी सकाळी हलवून बघितला, अजून पक्का आहे.